उधाणाचा आकडा

शिवा बेशिस्त होता असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. माझा धाकटा दीर तो. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, तेव्हापासून बघतेय. दारू नाही, तंबाखू नाही. हळदीच्या मांडवात सगळे पत्ते कुटत बसायचे तेव्हा हा बाजूला बसून शेंगा सोलायचा. आणि तरी अख्ख्या गावाचं भात त्यानंच बुडवलं. शिस्तीत बुडवलं. हे मी लोकांना सांगते तर लोक माझ्याच तोंडाकडे बघतात.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला. माझं माहेर पनवेल शहरातलं, म्हणून माझं बोलणं जरा वेगळं, पण हाडं इथंच झिजली. बरीचशी शेती विमानतळात गेली, उरलेली रस्त्यात. आता राहिलीय ती खाडीच्या बांधाआतली, खारातली. त्या बांधात एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की दार वर उचलायचं, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती फिरली की दार खाली टाकायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. एवढंच काम. पण ते चुकलं तर भात मरतं आणि जमीन पुढची दोन-तीन वर्षं उठत नाही. हे काम आमच्या घराकडे, सासऱ्यांच्या बापापासून. त्याबद्दल कापणीला घरटी एक पायली भात येतं आणि वाटेत भेटलेला माणूस आधी हात वर करतो.

माझा नवरा ट्रेलरखाली गेला तेव्हापासून उघाडी शिवाकडे. माझ्या नावावर उघाडीला लागून तेवढा एक तुकडा राहिला. तो मी स्वतः लावते, स्वतः कापते, स्वतः झोडते. लोकांना वाटतं मालूवहिनी तोंडाची फाटकी आहे. असेन. पण नवरा नसलेली बाई दिराच्या घरात तोंड वर करून बोलते ना, ती स्वतःच्या शेतातला भात खाते म्हणून बोलते. तो तुकडा गेला तर मी त्या घरात कोण? हा प्रश्न मला झोपेतून उठवलं तरी पाठ होता.

आषाढात नीताचा भाऊ आला, परेश. नीता म्हणजे शिवाची बायको, माझी धाकटी जाऊ. परेश कंटेनर यार्डात कामाला. डोक्यावर चष्मा, पायात पांढरे बूट, आमच्या चिखलात ते बूट घेऊन आला तिथंच मी त्याला ओळखलं. त्यानं कुठून तरी आलेल्या मेसेजवर बोट दाबून शिवाच्या फोनवर तो खेळ घालून दिला. फोनवर एक विमान उडतं. जसं वर जातं तसा आकडा वाढतो. दीडपट, दुप्पट, पाचपट. आणि मधेच कधीतरी ते नाहीसं होतं. त्याच्या आधी तुम्ही बोट दाबून उतरलात तर लावलेले पैसे तेवढ्या पटीनं तुमचे. नाही उतरलात तर गेले. शाळेतल्या पोराला कळेल असा खेळ, आणि पोरखेळच तो.

शिवानं आठवडाभर एक रुपया लावला नाही. नुसता बघत बसला. मग एका सकाळी ओटीवर जाळं सांधता सांधता मला म्हणाला, "वयनी, परेश हावरा हाय. तो वर जातंय म्हनून बघतच बसतंय नि बुडतंय. मी तसा नाय करनार."

"म्हणजे तू करणार?"

"नियमानं करीन. खेकड्यांचं पैसं तेवढंच लावायचं. दीडपट झालं का उतरायचं, मंग ते आभालात जावो. तीनदा गेलं का फोन बंद. आनि उघाडीवर असताना एक पैसा लावायचा नाय. उघाडी म्हंजे देवाचं काम."

"देवाचं काम म्हणतोस आणि देवाला फसवायला नियम करतोस होय रे?"

तो हसला. पण पाळले हो त्यानं नियम! मी डोळ्यांनी बघत होते. तीनदा गेलं की फोन चुलीवरच्या फळीवर ठेवून द्यायचा आणि टोपली घेऊन खेकड्यांना जायचा. परेशला शिव्या घालणारी नीतासुद्धा म्हणायला लागली, "जाऊबाय, यांचं तसं नाय. यांचा मनावर ताबा हाय." मला तिथंच धडकी भरली. ज्याचा ताबा नाही त्याला लोक धरून बाहेर ओढतात. याला कोण ओढणार?

श्रावणात त्यानं मला फोन दाखवला. पडद्यावर वरच्या बाजूला मागच्या डावांचे आकडे ओळीनं सरकत असतात. तिथं बोट ठेवून तो म्हणाला, "हे बघ. बारीक, बारीक, परत बारीक. हे काय सांग."

"मला काय विचारतोस!"

"भांग हाय हा, वयनी. अष्टमीचा भांग. पानी चढतच नाय. आनि हा बघ, एकदम बावीस पट. हे उधान. मंग परत उतरतंय. लोकांना वाटतंय कसाही उडतंय. नाय. याला भरती-ओहोटी हाय. भांग सरला का उधान येयालाच लागतं."

त्याचा चेहरा असा उजळला होता की मला त्याच्या बापाची आठवण झाली. सासरे बांधावर उभे राहून नुसत्या वासावरून सांगायचे, आज पाणी किती चढेल ते. तेच रक्त. पण ते खाडीपाशी बोलायचे, हा फोनपाशी बोलत होता.

"अरे, खाडीला चंद्र ओढतो," मी म्हटलं. "याला कोण ओढतो?"

"असंल कोनतरी. आपल्याला दिसत नाय म्हनून नाय काय?"

मी सूप उचललं आणि आत गेले.

मग नियम बदलायला लागले. भांगाला थोडं लावायचं, उधाणाला जास्त. दीडपटीला नाही, उधाण असेल तर पाचपटीला उतरायचं. मी टोकलं तर शांतपणे म्हणायचा, "नियम मोडला नाय वयनी, सुधारला." गावातली पोरं, यार्डातनं आलेले बाप्ये, सगळे संध्याकाळी आमच्या ओटीवर. "शिवाभाऊ, आज भांग का उधान?" पाण्यातलं ज्याला कळतं त्याला यातलंही कळत असणार, असं त्यांना वाटायचं. दुसऱ्या गावात कुणाला हे खरं वाटलं नसतं, पण आमच्याकडे उघाडीवाल्यानं सांगितलं की लोक पेरणी थांबवतात. भाद्रपद लागला तेव्हा नीताच्या कानातले दिसेनासे झाले. मी विचारलं तर म्हणाली, खाजवतंय म्हणून काढून ठेवले.

सर्वपित्री अमावास्येचा दिवस. भात निसवलं होतं, बांधावर उभं राहिलं की कणसांचा गोड वास नाकात जायचा. वर्षातलं मोठं उधाण. अमावास्येला आमच्याकडे भर दुपारी पाणी चढतं, आणि त्याच दुपारी घरातल्या मेलेल्यांना पान वाढायचं असतं. माझ्या नवऱ्याचं, सासऱ्यांचं. पान शिवानं ठेवायचं, घरातला तेवढाच पुरुष. मी आणि नीता पहाटेपासून चुलीपुढे. वड्यांचं पीठ, भोपळ्याची भाजी, अळू, खीर. शिवा दार उचलायला अंधारातच गेलेला.

ऊन तापायला लागलं तरी तो आला नाही, म्हणून मी हाताला पीठ तसंच ठेवून उघाडीवर गेले. तो पत्र्याच्या खोपटात दगडावर बसलेला. दार वर. फोन हातात.

"शिवा, दार टाक. घरी चल. पान ठेवायचंय."

"अजून पानी भायेर जातंय. टायम हाय."

"अमावास्या आहे आज. पाणी फिरलं की थांबत नाही, तूच सांगतोस ना सगळ्यांना? आणि हे काय, नियम होता ना तुझा?"

त्याला राग आला. फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "बघ! हाय एक रुपया तरी लावलेला? नुसता बघतंय मी. सकालपासून भांग चाललाय. इतका लांब भांग मी बघला नाय कवा. आथा मोठं येयाचं हाय. ते येतंय का नाय तेवढंच बघायचं. दार टाकतंय मी, तू वड्यांचं बघ."

मी दाराकडे बघितलं. खरंच, पाणी अजून बाहेर जात होतं, संथ. माझा तुकडा बाजूलाच, कणसं वाऱ्यानं हलत होती. "आत्ता टाक," मी पुन्हा म्हटलं. तो उठला, दार खालीवर करायच्या चाकाला हात लावला. तेवढं बघून मी निघाले, कढईखाली विस्तव होता.

कावळ्याचं पान मी शेवटी स्वतःच पत्र्यावर ठेवत होते तेव्हा उघाडीकडून बांध फुटल्याचा ओरडा आला. "खांड जेली! खांड जेली!"

मी शिडीवरून उतरले की पडले आठवत नाही. बांधावर पोचले तर दार अर्ध्यावर अडकलेलं. पाण्याचा लोंढा आत येताना त्याच्या जोरानं दार खाचेत तिरकं बसलं होतं, आणि शिवा त्या लोखंडी चाकाला लोंबकळत होता, पाय बांधाला लावून, मानेच्या शिरा फुगलेल्या. चाक हलत नव्हतं. दाराच्या कडेनं पाण्यानं बांधाचा चिखल खाल्ला होता. आधी बैल जाईल एवढी फट, मग बघता बघता गाडी जाईल एवढी. पाणी गढूळ, पिवळं, वर फेस, आणि पहिलं ते माझ्या तुकड्यात शिरलं. उभं भात एका अंगावर निजलं. मी छाती बडवून ओरडले. शरम कसली, पोटचं पोर वाहून जाताना बाई ओरडते तशीच ओरडले.

भरती असताना खांड बुजत नाही. पाणी उतरेपर्यंत बांधावर उभं राहून बघायचं, दुसरं काही हातात नसतं. घरटी एक माणूस यायची आमची रीत. आले सगळे, कुणी पानावरून उठून, कुणाच्या हाताला खीर. फावडी, घमेली, पेंढ्याचे भारे, बांबू. पाणी आत पसरत पसरत पार देवळाखालच्या शेतांपर्यंत गेलं, तेव्हा एक म्हातारी मटकन खाली बसली आणि उठलीच नाही, तिला उचलून सावलीत नेली.

ओहोटी लागल्यावर बाप्ये खांडीत उतरले. बांबू ठोकले, आडवा पेंढा कोंबला, आणि आम्ही बायका रांगेनं चिखलाची ढेकळं देत होतो. एकीच्या हातातून दुसरीच्या. पुढची भरती यायच्या आत बुजवायला पाहिजे होतं. चिखलात कालवांच्या कपच्या असतात, माझा तळवा चिरला, नीताच्या दोन्ही पोटऱ्या सोलल्या. शिवा सगळ्यात खाली, छातीएवढ्या चिखलात, वेड्यासारखा राबत होता. त्याला कुणी थांब म्हणालं नाही. पाण्याची कळशी फिरली ती रांगेत नीतापाशी आली आणि अलीकडच्या बाईनं तिच्या डोक्यावरून पलीकडे दिली. नीतानं पुढे केलेला हात तसाच चिखलात घातला आणि ढेकूळ उचललं. मी ते पाणी प्यायले नाही.

दिवस बुडताना खांड बुजली. दार ठोकून ठोकून खाली बसवलं. आत मात्र तळं साचलं होतं, आणि त्यात कणसं डोकं वर काढून उभी होती.

मग आम्ही पावसाची वाट बघितली. मोठा पाऊस पडला असता तर खार धुऊन गेला असता. परतीचा पाऊस येतोच म्हणून सगळे आभाळाकडे बघायचे. वरून नव्या विमानतळाची विमानं जायची, ढग काही यायचा नाही. असं कडक ऊन पडलं की शेतातलं पाणी आटून जमिनीवर पांढरी खपली धरली. पात्यांची टोकं करपली, मग पाती, मग कणसं पांढरी पडली. मी रोज जायची. कणीस खुडायचं, दाणा दाताखाली धरायचा. टरफल, आत काही नाही. तरी दुसऱ्या दिवशी परत जायची. शेवटी गुरांना म्हणून ते कापायला घेतलं, तर शेजारच्या म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं.

शिवा जेवायला यायचा, जायचा. डोळे खोल गेले होते. फोनला हात लावत नव्हता. मला वाटलं, चला, एवढं तरी डोक्यात गेलं.

एका रविवारी गावदेवीच्या देवळात बैठक बोलावली. उघाडी आमच्या घराकडे ठेवायची की नाही, यासाठी. आदल्या संध्याकाळी नीता माझ्या खोलीत आली आणि माझे पाय धरले.

"जाऊबाय, तू एकटीच तवा तिथं जेलतीस. तू सांग, दाराची फली कुजलेली होती. सरकारचं दार हाय, कोनाचं काय जातंय? उघाडी जेली तर यांना गावात कोन उभं करनार नाय."

"आणि माझा तुकडा?"

"आमचा पन जेला ना?"

"तुझा नवरा आहे, नीता. तो खेकडे आणील, मजुरीला जाईल, तुला खायला घालील. मी उद्या तुझ्याच हातचं खाणार आहे. बघ तरी माझ्याकडे!"

ती रडायला लागली. मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू. रात्रभर मी ते खोटं घोळवत बसले. फळी कुजली होती. फळी कुजली होती. तीन शब्द. घराचं नाव राहिलं असतं, पायली राहिली असती, आणि त्या पायलीतूनच पुढची वर्षं माझं ताट भरणार होतं. खरं बोलले तर मीच माझ्या तोंडचा घास काढणार होते. पण पितरांच्या पानाच्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या शेतात खारं पाणी शिरलं, आणि ते कुजक्या फळीवर ढकलायचं? माझी जीभ वळेना.

देवळात सगळा गाव. बाप्ये सभामंडपात, आम्ही बायका पायऱ्यांवर. मधे कमळाकर बसले. गावातले सगळ्यात मोठे, मिठागराच्या संपात लाठ्या खाल्लेले, त्यांच्यापुढे पोरं पाय पसरून बसत नाहीत. शिवा खांबाला टेकून उभा. कमळाकरांनी मला विचारलं, "मालू, तू जेलतीस ना उघाडीवर? काय बघलंस ते देवीसमोर सांग."

मी सांगितलं. दार वर होतं. पाणी फिरायच्या बेताला होतं. शिवा फोनवर विमान बघत होता, मोठं यायचंय म्हणून. मी दोनदा सांगितलं दार टाक. बस. आणि मी खाली बसले. नीतानं पदर तोंडात कोंबला.

"खरं हाय?" कमळाकरांनी शिवाला विचारलं.

"खरं हाय. पन मी एक रुपया लावला नव्हता, काका. माझा नियम होता. मी नियम मोडला नाय."

"नियम!" कमळाकर ओरडले. "तुझ्या आज्यानं साप चावलेल्या पायानं दार टाकलं होतं, ठाऊक हाय? चालीस घरांचं भात मारलंस. तीन वर्सं या जमिनीत काय उगवनार नाय. पोरांना काय घालायचं, तुझा नियम?"

मला बरं वाटलं, खोटं नाही सांगत. वाटलं, माझं गेलं ते गेलं, पण निदान कुणीतरी तोंडावर बोललं. आता हा खेळ या गावातून जाईल. कमळाकरांनी निकाल दिला, आजपासून उघाडी शिवाकडे नाही. चाकाचा दांडा देवळात आणून ठेवायचा. शिवानं मान हलवली आणि दांडा, जो त्यानं येतानाच पिशवीत आणला होता, तो देवीपुढे ठेवला.

मग बैठक उठायची. पण कुणी उठेना. मागच्या बाजूला कुजबुज झाली. कुणीतरी खाकरलं. मी मान वळवून बघितलं, सगळे बाप्ये खाली बघत होते, आणि तरी कशाची तरी वाट बघत होते.

कमळाकरांनी उपरण्यानं तोंड पुसलं. इकडे तिकडे बघितलं. आणि आवाज खाली आणून विचारलं, "मंग... आलं का रं ते? मोठं?"

शिवानं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत जीव दिसला.

"आलं, काका. मी बोल्लो होतो तसंच आलं."

"केवढं जेलं?"

"एकशे चालीस पट."

सभामंडपातून एकच उसासा आला, चाळीस घरांचा. कुणीतरी कपाळावर हात मारला. कुणीतरी पुटपुटलं, "अरारा! आनि लावलं नव्हतं?" परेशसुद्धा तिथं होता, तो पुढे सरकून बसला. "त्याच्या आदी बारीक किती आलते, शिवाभाऊ?" एका पोरानं विचारलं, आणि शिवा खांबापासून सुटा झाला, दोन पावलं पुढे आला आणि बोटं मोजून सांगायला लागला. हळूहळू त्याच्याभोवती कोंडाळं झालं. कमळाकर कानामागे हात धरून ऐकत होते.

मी पायऱ्यांवरून उठले. नीता तिथंच बसली होती, तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हटलं, "चल, घरात तांदूळ नाही. बाजारातून आणायला लागतील."